लॅमिनेट केलेली चिठ्ठी

माझ्या काकूने डॉक्टरची चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली आहे.

रेशन कार्ड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि ही चिठ्ठी, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत असतं आणि पिशवी गव्हाच्या कोठीवर. घड्या पडून पडून चिठ्ठी फाटायला आली तेव्हा मेडिकलवाल्यानेच सांगितलं, काकू, झेरॉक्सच्या दुकानातून पक्की करून आणा. काकूने ती पक्की केली. चिठ्ठीवर साल आहे २०१२. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ आहे: १५ दिवसांनी दाखवणे.

काकूने दाखवलं नाही. काका नुकतेच गेले होते, सोयाबीन काढणीला आलं होतं, घरात माणूस नव्हतं आणि चांदूर रेल्वेहून अमरावतीला जायचं म्हणजे भाडं वेगळं, दिवसाची मजुरी वेगळी. गोळी लागू पडली होती. झोप येत होती. चांदुरातच मेडिकलमध्ये ती मिळतही होती. मग अमरावती कशाला? पंधरा दिवसांची चिठ्ठी बारा वर्षं चालली. डॉक्टरांनी मधल्या काळात दवाखाना बंद केला. चिठ्ठी चालूच राहिली.

मागच्या दिवाळीत मी विचारलं, "काकू, ही गोळी कशाची?"

"झोपेची होय."

"कोणी सांगितलं झोपेची?"

"कोनी कायले सांगन? घेतली का झोप लागते, नाई घेतली का लागत नाई. म्हनजे झोपेचीच होय नं."

गोळी झोपेची नाही. म्हणजे अर्धीच झोपेची आहे. त्या एका गोळीत दोन औषधं आहेत. एक एस्सिटॅलोप्राम, उदासीवरचं, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याच्यावरचं. दुसरं क्लोनाझेपाम, घबराट शमवणारं आणि झोप आणणारं. पहिलं औषध महिनोन्महिने, गरज असेल तर वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या जातीची औषधं साधारण दोन ते चार आठवडेच द्यावीत, असं जगभरच्या मार्गदर्शिका सांगतात, कारण त्यांची शरीराला सवय लागते. ज्याला महिने लागतात आणि ज्याला आठवडेच पुरेत, अशी दोन औषधं एका गोळीत कोंबल्यावर रोग्याने काय करायचं? एक सोडावं तर दुसरं सुटतं. पहिलं ठेवावं तर दुसऱ्याची सवय हाडाला लागते. आपल्या देशात ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते, कारण पहिल्या औषधाला गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर रोग्याला धीर राहत नाही. अडचण खरी आहे. पण त्यासाठी दोन वेगळ्या गोळ्या लिहिता येतात आणि एकीच्या पुढे तारीख टाकता येते.

काकूने मधे एकदा गोळी सोडूनही पाहिली होती. कुणी तरी म्हटलं होतं, जन्मभर कायले खातं वं, किडनी जाते. तिने तीन दिवस घेतली नाही.

"डोक्यात करंट लागल्यावानी होये, बाप्पा. मान वळवली का झन्‌कन. जीव घाबरे, अंग कापे. मले वाटलं आता पागल होतो मी. मंग घेतली परत."

काकू शाळेची पायरी चढलेली नाही. पण गोळी अचानक सोडल्यावर डोक्यात जे होतं त्याचं तिने केलेलं वर्णन जगातल्या हजारो रोग्यांच्या वर्णनाशी जुळतं. सगळे करंटच म्हणतात. ती रोग उलटल्याची खूण असेलच असं नाही. औषध एकदम काढून घेतल्यावर मेंदू आणि शरीर असं हलतं, आणि काकूच्या बाबतीत तर एका झटक्यात दोन औषधं निघाली होती. हा फरक तिला कुणी सांगितला नव्हता, म्हणून तिने आपल्यापुरता अर्थ लावला: गोळी सोडली की मी वेडी होते. पुढची सात वर्षं या एका गैरसमजावर गेली. भीतीपोटी घेतलेल्या सात वर्षांच्या गोळ्या.

२०२४ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात एक मोठा आढावा छापून आला. ७९ अभ्यास आणि सुमारे २१ हजार माणसं. उदासीवरची गोळी सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. गंमत पहा, ज्यांना नुसतीच खोटी गोळी दिली होती, त्यांच्यातल्या १७ टक्क्यांनाही ती सोडल्यावर त्रास झाला. म्हणजे भीतीचा वाटा वजा केला तर सहा-सात माणसांमागे एकाला औषध सुटल्याचा खरा त्रास होतो आणि सुमारे ३५ जणांमागे एकाला तो जबर होतो. हा आकडा घाबरवण्याइतका मोठा नाही आणि झटकून टाकण्याइतका लहानही नाही. चांदूर तालुक्यात अशी गोळी घेणारी शेकड्याने माणसं असतील तर त्यांतल्या प्रत्येकाला हे आधी सांगितलेलं असायला हवं.

गोळी कशी सोडावी याचंही एक शास्त्र आहे आणि ते सरळ भागाकाराचं नाही. वीसचं दहा, दहाचं पाच, पाचचं शून्य, असं वरून पाहता सोपं वाटतं. पण अगदी थोडं औषधही मेंदूतल्या बऱ्याचशा जागा धरून बसतं. त्यामुळे वीसवरून दहावर येताना फार काही जाणवत नाही आणि पाचवरून शून्यावर येताना माणूस पडतो. जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरलेल्याला हे कळेल. वरच्या पायऱ्या बुटक्या असतात आणि पाण्याजवळची शेवटची पायरी गुडघाभर. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोन तज्ज्ञांनी २०१९ साली हे नीट मांडलं: जितकं खाली याल तितकं सावकाश उतरा. आपल्याकडे मात्र सल्ला असतो, "एक दिवसाआड घ्या, मग बंद करा." त्यामुळे रोगी एक दिवस बरा आणि एक दिवस बेजार राहतो.

आता मला खरं जे म्हणायचं आहे ते.

क्षयाच्या गोळीला शेवटचा दिवस असतो. साध्या क्षयाला सहा महिने. १९९७ पासून आपल्या देशात आरोग्यसेवकाच्या डोळ्यांसमोर गोळी घेण्याची पद्धत आली. रोगी दवाखान्यात आला नाही तर सेवक घरी येतो. उपचार कधी सुरू झाले, कधी संपले, त्याची नोंद होते. कुष्ठरोगाचं पहा. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली. त्या पिढीच्या कुष्ठरुग्णांना डॅप्सोनची गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागे, पुष्कळांना तर मरेपर्यंत. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सांगितला आणि आज कुष्ठरोगाची गोळी सहा किंवा बारा महिन्यांत संपते. ज्या रोगाला लोक सात जन्मांचं पाप म्हणत, त्याची गोळी आता वर्षाच्या आत बंद होते.

उदासीवरची पहिली गोळी तर क्षयाच्याच घरातली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देत होते, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं हसू-बोलू लागली, त्यांना भूक लागू लागली. क्षयाचं औषध मनालाही लागू पडतं हे तिथे कळलं. पाचेक वर्षांत स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा गुण दाखवला आणि १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मंजुरी मिळाली. एका घरातून निघालेल्या दोन गोळ्या. क्षयाची गोळी चुकली तर सरकार दार ठोठावतं. उदासीची चुकली किंवा बारा वर्षं न चुकता घेतली गेली, तरी कुणी विचारायला येत नाही.

उदासीला सहा महिन्यांचा ठरलेला कोर्स नसतो, हे मला माहीत आहे. जंतू मेला की क्षय संपला, तसं मनाचं नाही. तरी या गोळीलाही मुदतीचा विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक दवाखान्यांसाठीची मार्गदर्शिका सांगते, की पूर्ण बरं वाटायला लागल्यावर नऊ ते बारा महिने गोळी चालू ठेवा, मग हळूहळू कमी करण्याचा विचार करा. ज्याला हा आजार वारंवार उलटतो, त्याला दोन वर्षं, त्याहून जास्त, कुणाला जन्मभरही गोळी लागू शकते. जन्मभर गोळी लागणं यात लाज काही नाही. बीपीची घेतोच ना. पण जन्मभर घ्यायची हे कुणी तरी बसून, तपासून, रोग्याशी बोलून ठरवलेलं असलं पाहिजे. काकूचं कुणीही ठरवलं नव्हतं. ती वाहत गेली.

इथे मला घाई करून दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे सदर वाचून उद्या सकाळी कुणी गोळीचा पत्ता कचऱ्यात टाकेल आणि त्याचं पाप माझ्या डोक्यावर येईल.

आमच्या ओळीतल्या एका पोराने तेच केलं. अमरावतीला शिकायला होता. मन लागेना, जेवण जाईना, खोलीचं दार लावून बसू लागला. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांत पोरगं माणसात आलं. मोठा भाऊ म्हणाला, "आता बरा आहेस नं, मग कायले खातं? सवय लागन." चौथ्या महिन्यात गोळी बंद. पावसाळा सरता सरता पोरगं पुन्हा खोलीत. या वेळी बाहेर यायला वर्ष लागलं आणि परीक्षेचं साल गेलं ते गेलंच. भावाचं प्रेम खोटं नव्हतं. त्याला माहिती नव्हती, एवढंच.

वऱ्हाडात काकूसारखी माणसं आहेत, त्याहून जास्त या पोरासारखी आहेत, आणि सर्वांत जास्त आहेत ती गोळीपर्यंत कधी न पोचलेली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. उदासीच्या आजारात शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात निघालं. इंग्लंडात दर सहा प्रौढांमागे एकाला वर्षभरात उदासीवरची गोळी लिहून मिळते आणि तिथे चर्चा चालते की गोळ्या फार झाल्या. ती चर्चा उचलून इथे आणणं हा अन्याय होईल. आपल्याकडे पंच्याऐंशी जण दाराबाहेर आहेत. आत गेलेल्या पंधरांपैकी काही जण मागच्या दाराने लवकर पळाले आणि काहींना आत बसवून सगळे विसरून गेले.

गोळी चालू ठेवल्याने काय होतं आणि सोडल्याने काय होतं, याचं सर्वांत सरळ उत्तर मला इंग्लंडच्याच एका प्रयोगात मिळालं. २०२१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आला. ४७८ माणसं, सगळी दीर्घकाळ गोळी घेणारी, बरी झालेली, आता सोडावी का असा विचार करणारी. अर्ध्यांची गोळी चालू ठेवली, अर्ध्यांची हळूहळू बंद केली, पण कोण कशात आहे हे त्यांना कळू दिलं नाही. वर्षभरात चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा आजार उलटला. सोडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा. म्हणजे गोळी राखण करते. पण सोडलेल्या शंभरातले ४४ जण वर्षभर ठीक राहिले, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. आणि चालू ठेवलेल्यांतही ३९ जण घसरले, म्हणजे गोळी एकटी पुरत नाही. घरच्यांनी "सोड" म्हणणं आणि मेडिकलवाल्याने "चालू दे" म्हणणं, दोन्ही अंदाजपंचे. रोग्यासोबत बसून डॉक्टरने हे आकडे त्याच्या भाषेत सांगायचे असतात आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं असतं.

नुसती चालू ठेवण्यात काय बिघडतं, असं मेडिकलवाल्याने मला विचारलं. तो वाईट माणूस नाही. काकूला अडल्यानडल्याला त्याने उधारीवर गोळी दिली आहे. पण चिठ्ठीवर पुन्हा द्या असं लिहिलेलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, असा या देशाचा नियम आहे. अल्प्राझोलामसारख्या औषधांसाठी तर १ मार्च २०१४ पासून डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं आहे. नियम कशासाठी केला, ते काकूकडे पाहिलं की कळतं.

काकू गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी घेते. कापूस वेचून, निंदण करून वऱ्हाडातल्या कुठल्या बाईचे गुडघे शाबूत राहिले आहेत? उदासीवरची ही गोळी आणि दुखण्याची गोळी एकत्र पोटात गेली की जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. तिला ही गोळी लिहून देणारा कुणी डॉक्टरच उरला नव्हता, मग तिला हे सांगणार कोण? म्हाताऱ्या माणसांत याच गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. क्लोनाझेपामने रात्री उठताना तोल जातो. काकू दोनदा मोरीत पडली. दोन्ही वेळा आम्ही फरशीला दोष दिला.

आणि एक गोष्ट काकूने फार उशिरा सांगितली. तिचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि ही नुसती बसलेली. "मी दगड झाली का काय, असं वाटे मले. लोकं काय म्हनत असन." ती दगड झाली नव्हती. या गोळ्यांनी काही जणांचं दुःख बोथट होतं आणि त्याबरोबर बाकीच्या भावनाही बोथट होतात, हे नोंदलेलं आहे, डॉक्टरांना माहीत आहे. मात्रा कमी-जास्त करून त्यावर उपाय करता येतो. पण त्यासाठी समोर बसून विचारणारं कुणी हवं. काकू चार वर्षं स्वतःला भावाच्या मरणाची गुन्हेगार समजत होती.

आपल्या जिल्ह्याला हे सगळं नवीन नाही, म्हणून मला जास्त राग येतो. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात अमरावती जिल्हा होता. मोठमोठे दौरे झाले. पण मनाच्या दुखण्यावर सर्वांत नीट काम झालं ते फारसा गाजावाजा न होता. गोव्याच्या संगत संस्थेने विश्राम नावाचा कार्यक्रम याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. ऐकायचं कसं, उदासी ओळखायची कशी, कुणाला डॉक्टरकडे न्यायचं. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचे निष्कर्ष छापले. आधी उदासीच्या शंभर रोग्यांपैकी जेमतेम ४.३ जण मदतीपर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी २७.२. सहापट! आपल्याच गावांत, आपल्याच लोकांनी केलेलं.

त्याच सुमाराला गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी उदासीच्या रोग्यांशी सहा ते आठ भेटींत बोलायचं आणि त्यांना पुन्हा रोजच्या कामात, माणसांत आणायचं. अंगणात बसा. एक ओळ निंदा. बहिणीला फोन करा. तीन महिन्यांनी अशा रोग्यांपैकी ६४ टक्के लोकांची उदासी उतरली होती. ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत, त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांची. मन बोलून हलकं होतं, हे मोझरीच्या गुरुकुंजात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसणाऱ्या आपल्या लोकांना शिकवावं लागू नये. प्रार्थना औषधाची जागा घेईल असं मी म्हणत नाही. पण काकूला बारा वर्षांत गोळीचे पत्ते किती मिळाले आणि बोलायला माणूस किती वेळा मिळाला, याचा हिशेब मांडला तर दुसरा आकडा शून्य येतो.

राज्य सरकारने २०१५ साली चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात शेतकऱ्यांचं समुपदेशन आणि घरोघर जाणाऱ्या आशाताई होत्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ सांगतं, की आवश्यक औषधांच्या यादीतली मनाच्या आजाराची औषधं सरकारी रुग्णालयात फुकट मिळाली पाहिजेत, आणि तीही समुदाय आरोग्य केंद्रापासून वर सगळीकडे. आपल्याकडे त्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. म्हणजे हा हक्क तालुक्याच्या गावापर्यंत आलेला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासून देशात आहे. कागद पुष्कळ आहेत.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस जुन्या चिठ्ठ्यांसाठी ठेवा. नवा रोगी त्या दिवशी नको. ज्यांची गोळी वर्षाच्या वर चालू आहे, त्यांनीच यायचं, चिठ्ठी घेऊन, सोबत घरचं एक माणूस घेऊन. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाच्या डॉक्टरने प्रत्येकाला तीन गोष्टी लिहून द्यायच्या, मराठीत: आजाराचं नाव, गोळी साधारण कधीपर्यंत, पुढची भेट कोणत्या तारखेला. कोण आलं नाही, त्याची यादी आशाताईंकडे द्यायची. क्षयाला जमतं, कुष्ठरोगाला जमतं. आशाताईंना त्या कामाचे वेगळे पैसे द्यायचे, कारण आधीच त्यांच्या डोक्यावर सगळ्या सरकारची कामं आहेत.

डॉक्टरमंडळींना हात जोडून सांगतो. झोपेचं औषध वेगळ्या गोळीत लिहा. त्याच्यापुढे दिवस लिहा. आणि पहिल्याच भेटीत एक वाक्य बोला, की बरं वाटलं तरी स्वतःच्या मनाने सोडू नका, सोडायची वेळ आली की आपण मिळून सोडू. याला अर्धं मिनिट लागतं. रांग मोठी असते हे मला दिसतं, तरीही.

काकूला मी या वर्षी अमरावतीला घेऊन गेलो. नव्या डॉक्टरांनी लॅमिनेट केलेली चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी काकूला विचारलं, "तुमचे मालक गेले तेव्हा काय झालं होतं?" काकू वीस मिनिटं बोलली. मी तिचा पुतण्या, त्यातलं अर्धं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन औषधं वेगळी केली आहेत. क्लोनाझेपाम फार सावकाश उतरवत आहेत, अजून पाव गोळी बाकी आहे. मधे दहा-बारा रात्री वाईट गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी घाई न करता तीच मात्रा महिनाभर तशीच ठेवली. दुखण्याची गोळी बदलली. एस्सिटॅलोप्राम चालूच आहे आणि अजून वर्षभर तरी चालू ठेवू, असं ठरलं आहे. काकूला विचारून ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले, हे औषध कदाचित सुटणारही नाही. काकू म्हणाली, "नाई सुटलं तं नाई सुटलं. मले मालूम तं आहे नं आता कायची आहे ते."

तुमच्या घरात अशी चिठ्ठी असेल तर आज काढून तिच्यावरची तारीख पहा. वर्षाच्या वरची असेल तर गोळी बंद करू नका, कमीही करू नका, ती चिठ्ठी आणि ते माणूस दोघांना घेऊन डॉक्टरकडे जा. जायला जमत नसेल किंवा मन फारच बुडत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर रात्रीबेरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

काकूची पुढची तारीख १९ आहे. सकाळच्या एसटीने आम्ही दोघं जाणार आहोत.